नवा कंपायलर आणि जुने प्रोग्रॅम : विंडोजवरील युनिक्स-सदृश परिसरातील दोषशोधनाचा ऐतिहासिक विचार

कालपर्यंत विनातक्रार चालणारा एखादा प्रोग्रॅम, त्यातील एकही अक्षर बदललेले नसताना, आज कंपायलर नाकारतो, किंवा स्वीकारूनही त्यापासून भलतेच उत्तर निघते. मधल्या काळात बदललेली गोष्ट एकच असते, ती म्हणजे कंपायलरची आवृत्ती. अशा वेळी नवा कंपायलर सदोष आहे हा निष्कर्ष सर्वप्रथम काढला जातो आणि जुनी आवृत्ती पुन्हा बसविणे हा उपाय सर्वप्रथम योजिला जातो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो व हा उपाय बहुतेक वेळा तात्पुरता ठरतो. नव्या आवृत्तीने उघड केलेल्या दोषांपैकी बरेचसे दोष प्रोग्रॅममध्ये, त्याच्या परिसरात किंवा तो ज्या पाठ्यपुस्तकावरून लिहिला गेला त्या पुस्तकात पूर्वीपासूनच असतात. त्यामुळे दोषशोधन हे तांत्रिक कौशल्याइतकेच कालनिर्णयाचेही काम आहे. प्रोग्रॅमचा कोणता भाग कोणत्या काळातील संकेतांस धरून लिहिला गेला, हे ठरविल्यावाचून दुरुस्तीची दिशा सापडत नाही. विंडोजवर युनिक्ससारखा परिसर निर्माण करणारी सिग्विन ही प्रणाली व तीत चालणारा जीसीसी हा कंपायलर यांच्या आधारे प्रस्तुत निबंधात या विधानाची तपासणी करावयाची आहे.

१. दोन परंपरा व त्यांमधील दुभाष्या

युनिक्सचा प्रारंभ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत झाला. सी भाषा तेथेच १९७२ च्या सुमारास आकारास आली. १९७८ मध्ये कर्निगन व रिची यांनी लिहिलेला ग्रंथ हेच पुढील अकरा वर्षे त्या भाषेचे व्यवहारातील प्रमाण होते. १९८९ मध्ये अमेरिकन व १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक सिद्ध झाले, आणि त्यानंतर १९९९, २०११, २०१८ व २०२४ या वर्षी मानकाच्या नव्या आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व १९८७ मध्ये जीसीसीचे पहिले प्रकाशन केले. १९९७ मध्ये विकासाच्या पद्धतीवरून या प्रकल्पाची एगक्स नावाची एक शाखा निघाली. १९९९ मध्ये तीच शाखा अधिकृत जीसीसी म्हणून मान्य झाली. म्हणजे एकाच नावाखाली चालत आलेल्या या कंपायलराच्या इतिहासातही वंशभेद व वंशैक्य दोन्ही आहेत.

विंडोजची परंपरा वेगळी आहे. तिच्यात नवी प्रक्रिया निर्माण करण्याची रीत, फाइलींच्या पत्त्यांची मांडणी, ओळ संपल्याची खूण आणि लायब्ररी जोडण्याची पद्धत या सर्व गोष्टी युनिक्सहून निराळ्या आहेत. १९९५ साली सिग्नस या संस्थेत स्टीव्ह चेंबरलेन यांनी या दोन परंपरांमध्ये सेतू बांधण्याचे काम हाती घेतले. त्यामागील कल्पना सोपी होती. युनिक्सवरील प्रोग्रॅम ज्या सेवा मागतात त्या सर्व एका लायब्ररीने ऐकून घ्यावयाच्या आणि विंडोजच्या सेवांकरवी पुरवावयाच्या. ही लायब्ररी म्हणजे दोन दरबारांमधील दुभाष्याच होय. पुढे रेड हॅट कंपनीने सिग्नस विकत घेतली व सिग्विनचा विकास चालू राहिला.

येथे मिनजीडब्ल्यू या समांतर प्रयत्नाचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने दुभाष्याचा मार्ग नाकारला. त्यातही कंपायलर जीसीसीच आहे, परंतु त्यातून निघणारा प्रोग्रॅम थेट विंडोजशीच बोलतो. एकाच यंत्रावर एकाच नावाचे दोन कंपायलर व त्यांची दोन भिन्न उद्दिष्टे, ही स्थिती तेव्हापासून निर्माण झाली. या क्षेत्रातील कित्येक गोंधळांचे मूळ या नामसाम्यात आहे.

२. महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

महाराष्ट्रास कंपायलर हा विषय नवा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हे संगणक यंत्र स्वदेशी प्रयत्नाने तयार झाले, व १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळी कंपायलर म्हणजे फोर्ट्रानचा कंपायलर असाच अर्थ होई. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या विषयाच्या अध्यापनाची परंपरा निर्माण झाली. धनंजय ढमढेरे यांचे कंपायलर-रचनेवरील पाठ्यपुस्तक भारतातील अनेक विद्यार्थ्यांनी अभ्यासिले. उदय खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री कारकरे यांचा प्रोग्रॅममधील माहितीच्या प्रवाहाचे विश्लेषण करणारा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. याच संस्थेतील जीसीसी संसाधन केंद्राने जीसीसीची अंतर्रचना शिकविणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. पुण्यात केपीआयटी या कंपनीने रेनेसास कंपनीच्या सूक्ष्म-नियंत्रकांसाठी जीसीसीवर आधारलेली साधने तयार करून ती विनामूल्य उपलब्ध केली, आणि सीआर१६ या जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला भाग मूळ जीसीसीमध्ये समाविष्टही करविला. वापरणारे व सांभाळणारे कमी झाल्यावर तो भाग पुढे मूळ संग्रहातून वगळण्यात आला. नव्या आवृत्तीत जुने आधार नाहीसे होतात याचे हे जवळचे उदाहरण आहे.

परंतु महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील इतिहास याहून वेगळा आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. तेथे दीर्घकाळ राज्य केले ते बोर्लंड कंपनीच्या टर्बो सी व टर्बो सी++ या कंपायलरांनी. पहिला १९८७ मधील व दुसरा १९९० मधील. दोन्ही डॉस या प्रणालीसाठी तयार झालेले. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या ग्रंथाने भारतातील असंख्य विद्यार्थ्यांना सी भाषेची ओळख करून दिली. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्या याच डॉसकालीन परिसराच्या होत्या. निळ्या पडद्यावर लिहिलेला प्रोग्रॅम, आरंभी पडदा पुसणारी सूचना, शेवटी एक कळ दाबण्याची वाट पाहणारी सूचना, आणि 'मेन'पूर्वी 'व्हॉइड' असा शब्द: ही ठरावीक घडण विद्यार्थ्यांच्या वह्यांत इतकी रुजली की सी भाषा म्हणजे हीच, असा समज दृढ झाला.

या परिसराला धक्का बसला तो कंपायलरामुळे नव्हे, तर विंडोजमुळे. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांत डॉसकालीन १६-बिट प्रोग्रॅम चालविण्याची सोय राहिली नाही. टर्बो चालविण्यासाठी डॉसचा आभास निर्माण करणारे निराळे साधन आवश्यक झाले. दुसरीकडे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने सी भाषेचे पाठ उबुंटू लिनक्सवर जीसीसीच्या ४.६.१ या आवृत्तीच्या साहाय्याने तयार केले, व हे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. ज्याच्याजवळ केवळ विंडोजचा संगणक होता त्याने हे पाठ करून पाहावयाचे तर त्यास सिग्विन किंवा मिनजीडब्ल्यू यांचा आश्रय घेणे प्राप्त होते. अशा रीतीने जवळजवळ दोन दशकांचे अंतर विद्यार्थ्यास एका उडीत ओलांडावे लागले. त्या उडीत जे अडखळणे झाले, ते दोषशोधनाच्या अभ्यासाची उत्तम सामग्री आहे.

३. नावांचा थर

पहिल्या प्रकारचे दोष नावांचे असतात, व एका भौगोलिक उदाहरणाने ते चटकन समजतील. राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे हे गाव जुन्या सर्व कागदपत्रांत वेल्हे तालुक्यात दाखविलेले आढळते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याचे नाव राजगड असे करण्यास मान्यता दिली. गाव तेथेच आहे, नदी तीच आहे, आणि जुना दस्तऐवज लिहिणाऱ्याची काहीही चूक नाही. तथापि केवळ नव्या नावांनी रचलेल्या सूचीत जो जुने नाव शोधील त्यास ते सापडणार नाही. सूची तयार करणाऱ्याने काही काळ दोन्ही नावे ठेवली तर शोध सुलभ होतो, पण ही सवलत कायमची असेल असे कोणी गृहीत धरू नये.

सी++ भाषेत नेमके हेच घडले. टर्बो सी++ च्या काळी या भाषेचे आंतरराष्ट्रीय मानक अस्तित्वातच नव्हते. ते १९९८ मध्ये झाले. मानकाने आदान-प्रदानाच्या हेडर फाइलीचे नाव शेवटचा 'एच' गाळून 'आयओस्ट्रीम' असे निश्चित केले व त्यातील नावांना 'एसटीडी' हे कुलनाम दिले. जीसीसीने जुने नाव जवळजवळ दहा वर्षे सवलत म्हणून चालू ठेवले आणि मार्च २००८ मधील ४.३ या आवृत्तीत ते काढून टाकले. त्या दिवसापासून जुन्या पाठ्यपुस्तकातील पहिलीच ओळ नाकारली जाऊ लागली. याच आवृत्तीने हेडर फाइलींतील परस्परावलंबनही कमी केले. पूर्वी एक फाइल मागितली असता दुसरी आपोआप येत असे. आता जी पाहिजे ती नाव घेऊन मागावी लागते. अशा वेळी ज्या प्रोग्रॅमने अक्षरमालांची फंक्शने वापरली परंतु त्यांची हेडर फाइल कधी मागितलीच नाही, त्याचा जुना निष्काळजीपणा नव्या आवृत्तीत उघड झाला.

पडदा पुसणाऱ्या सूचनेची कथा थोडी निराळी आहे. ती ज्या 'कोनिओ' या हेडर फाइलीत सांगितलेली असे, ती फाइल सी भाषेच्या कोणत्याही मानकात कधीच नव्हती. ती डॉसवरील कंपायलरांची सोय होती. सिग्विनमध्ये ती फाइल नाही. मिनजीडब्ल्यूमध्ये त्या नावाची फाइल आहे, कळ वाचण्याचे फंक्शनही आहे, परंतु पडदा पुसण्याचे नाही. एकाच प्रोग्रॅमवर दोन ठिकाणी दोन भिन्न तक्रारी येतात त्या यामुळे. दोहोंतील फरक ध्यानात घेतला असता आपण कोणत्या परिसरात उभे आहोत हे तक्रारीवरूनच ओळखता येते.

४. मौनाचा थर

दुसरा थर अधिक खोल आहे. जुन्या सी भाषेत एखादे फंक्शन आधी जाहीर न करता वापरले तर कंपायलर मौन पाळीत असे आणि ते फंक्शन पूर्णांक परत करते असे गृहीत धरीत असे. 'मेन' या शब्दापूर्वी काहीही लिहिले नाही तरी पूर्णांकच समजला जाई. १९९९ च्या मानकाने हे दोन्ही संकेत रद्द केले. जीसीसीने मात्र जुन्या प्रोग्रॅमांवर दया दाखविली. २०१५ मधील पाचव्या आवृत्तीने २०११ चे मानक मूळ आधार म्हणून स्वीकारले, तेव्हा अशा ठिकाणी आपोआप इशारा मिळू लागला. मे २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीने तो इशारा रद्द करून त्या जागी सरळ नकार दिला. नियम रद्द होणे व त्याची अंमलबजावणी होणे यांमध्ये पंचवीस वर्षे लोटली. ज्याने इशारे वाचले नाहीत त्यास ही पंचवीस वर्षे दिसलीच नाहीत, व नकार त्यास आकस्मिक वाटला.

हा नकार केवळ शुद्धलेखनाचा आग्रह नव्हे, हे सिग्विनच्या इतिहासावरून स्पष्ट होते. ३२-बिट सिग्विनमध्ये पूर्णांक व पॉइंटर दोन्ही चार बाइटांचे होते. त्यामुळे पॉइंटर परत करणाऱ्या फंक्शनाविषयी ते पूर्णांक परत करते अशी चुकीची समजूत करून घेतली तरी काही बिघडत नसे. २०१३ मध्ये ६४-बिट सिग्विन आले आणि पॉइंटर आठ बाइटांचा झाला. त्यात प्रोग्रॅम व त्याची मेमरी चार गिगाबाइटांच्या वरच्या पत्त्यांवर मांडली जाते. म्हणून पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळाला की उरलेला पत्ता निश्चितच खोटा ठरतो. समजा, एखाद्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या प्रोग्रॅमचे फलित वाचण्यासाठी 'पीओपन' हे युनिक्समधील फंक्शन वापरले आहे, आणि कंपायलरास केवळ शुद्ध सी मानक पाळण्याची आज्ञा दिली आहे. 'पीओपन' हे सी मानकाचा भाग नसल्याने त्या आज्ञेमुळे हेडर फाइल ते लपविते. जुना कंपायलर इशारा देऊन पुढे जाई व प्रोग्रॅम चालविताच कोसळे. चौदावी आवृत्ती जन्मापूर्वीच त्यास अडविते. येथे नव्या कंपायलराने प्रोग्रॅम मोडला असे म्हणणे म्हणजे रोगाचे निदान करणाऱ्यासच रोगाचे कारण ठरविण्यासारखे आहे. यावरील योग्य उपाय नकार बंद करण्याचा नसून, शुद्ध मानकाऐवजी ग्नू-विस्तारासह असलेले मानक निवडण्याचा, अथवा युनिक्सच्या मानकाची मागणी स्पष्टपणे नोंदविण्याचा आहे.

मौनाचे याहून सूक्ष्म प्रकारही आहेत. मूल्य परत करण्याचे वचन दिलेले फंक्शन सी++ मध्ये काहीही परत न करता संपले, तर काय व्हावे हे भाषा सांगत नाही. पूर्वी अशा वेळी कोठलीतरी निरर्थक संख्या मिळे आणि प्रोग्रॅम पुढे चाले. २०१८ मधील आठव्या आवृत्तीपासून जीसीसी त्या जागी नियंत्रण कधी पोहोचणारच नाही असे मानून चालतो. परिणामी, वेगवर्धनाची आज्ञा दिलेली असता, नियंत्रण फंक्शनाच्या शेवटावरून पुढील असंबद्ध सूचनांत घुसते. २०२० मधील दहाव्या आवृत्तीने एकच सार्वत्रिक चल अनेक फाइलींत निर्माण करण्याची जुनी सवलत काढून घेतली, आणि लिंकर 'एकाहून अधिक व्याख्या' अशी तक्रार करू लागला. एप्रिल २०२५ मधील पंधराव्या आवृत्तीने नवे मानक मूळ आधार मानले. त्यात रिकाम्या कंसाचा अर्थ 'काहीही घेत नाही' असा निश्चित झाला आणि 'बूल' हा राखीव शब्द बनला. ज्या जुन्या प्रोग्रॅमांनी त्या नावाचा स्वतःचा प्रकार निर्माण केला होता त्यांवर नवा संघर्ष ओढवला.

उलट बाजूचे एक साधे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. टर्बो सीमध्ये पूर्णांक दोन बाइटांचा असल्याने ८ चा क्रमगुणाकार ४०३२० न येता उणे २५२१६ येत असे. तोच प्रोग्रॅम जीसीसीत बरोबर उत्तर देतो व विद्यार्थी समाधान पावतो. पण पूर्णांक येथे चार बाइटांचा आहे एवढाच याचा अर्थ. १३ चा क्रमगुणाकार त्यातही मावत नाही. दोष दूर झालेला नसून पुढे ढकलला गेला आहे. नवी आवृत्ती दोष उघड करते तशी कधी झाकतेही.

५. सीमेवरील दोष

तिसऱ्या प्रकारचे दोष भाषेचे नसून दोन परंपरांच्या सीमेचे आहेत. सिग्विनमधील जीसीसीच्या तिसऱ्या पिढीत एक सोयीचा पर्याय होता. तो दिला असता तोच कंपायलर दुभाष्या वगळून थेट विंडोजसाठी प्रोग्रॅम तयार करी. अनेक बांधणी-लिपी या पर्यायावर अवलंबून राहिल्या. चौथ्या पिढीत तो काढून टाकण्यात आला व त्याऐवजी मिनजीडब्ल्यूचे स्वतंत्र परलक्ष्यी कंपायलर देण्यात आले, ज्यांच्या नावातच त्यांचे लक्ष्य लिहिलेले असते. जुन्या लिपींना 'अनोळखी पर्याय' असे उत्तर मिळू लागले. वरवर पाहता ही सोयीची हानी होती. वस्तुतः एकाच आज्ञेत दोन देशांचे कायदे मिसळण्याचा धोका त्यामुळे टळला.

हे कायदे किती भिन्न आहेत ते दोन उदाहरणांवरून कळेल. ६४-बिट सिग्विनमध्ये 'लाँग' हा प्रकार युनिक्सच्या रीतीने आठ बाइटांचा आहे. त्याच यंत्रावर मिनजीडब्ल्यूमध्ये तो विंडोजच्या रीतीने चार बाइटांचा आहे. एकाने लिहिलेली नोंदवही दुसऱ्याने वाचली तर पहिल्या नोंदीनंतर सर्व स्तंभ सरकतात. दुसरे उदाहरण लिपीचे. विस्तृत अक्षराचा प्रकार लिनक्सवर चार बाइटांचा, तर विंडोजशी मेळ राहावा म्हणून सिग्विनमध्ये दोन बाइटांचा आहे. देवनागरीची सर्व नित्याची अक्षरे दोन बाइटांत मावतात, म्हणून मराठी मजकुरावर काम करणाऱ्यास हा फरक कधी जाणवत नाही. परंतु मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जे स्थान मिळाले ते पहिल्या ६५,५३६ स्थानांच्या पलीकडे आहे. त्यामुळे मोडीचे एक अक्षर सिग्विनमध्ये दोन घटकांचे बनते. शिवकालीन वा पेशवेकालीन मोडी कागदांची सूची करणारा जो प्रोग्रॅम लिनक्सवर अक्षरे बरोबर मोजतो, तोच सिग्विनमध्ये दुप्पट मोजील, व एखादे अक्षर मध्येच तोडूनही टाकील. आवृत्ती कितीही बदलली तरी हा दोष जाणार नाही, कारण तो आवृत्तीचा नाही.

सीमेवरील आणखी दोन दोष नव्या आवृत्तीच्या आगमनाबरोबरच दिसतात, म्हणून त्यांचा आळ नेहमी कंपायलरावर येतो. युनिक्समध्ये एखादी प्रक्रिया आपली हुबेहूब प्रत निर्माण करू शकते. विंडोजमध्ये अशी सोय नसल्याने सिग्विन ती मोठ्या कष्टाने घडविते. त्यासाठी प्रत्येक लायब्ररी मूळ प्रक्रियेत व प्रतीत एकाच पत्त्यावर असावी लागते. नवी लायब्ररी आली की पत्त्यांचा संघर्ष होऊ शकतो, आणि बांधणी मध्येच बंद पडते. हा प्रकार विशेषतः ३२-बिट काळात वारंवार घडे, कारण तेथे पत्त्यांची जागाच अपुरी होती. लायब्ररींचे पत्ते नव्याने वाटून देणे हाच त्यावर उपाय होता. दुसरा दोष अधिक फसवा आहे. कंपायलर काहीही न बोलता, एकही तक्रार न छापता, थांबतो. 'जीसीसी' ही आज्ञा केवळ मुकादम आहे. प्रत्यक्ष भाषांतर करणारा प्रोग्रॅम वेगळा असून तो गणिती लायब्ररींवर अवलंबून असतो. स्थापना अर्धवट झाली व त्यांपैकी एखादी लायब्ररी जुनीच राहिली, तर तो प्रोग्रॅम सुरूच होत नाही. कोणती लायब्ररी गहाळ आहे ते सिग्विनचे तपासणीचे साधन सांगते.

६. पाठचिकित्सेची रीत

या तीन थरांचा परस्परांशी होणारा गोंधळ सोडवावा कसा? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या व १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने विद्वानांना एक शिस्त घालून दिली. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुकथनकरांनी प्रत्येक पोथी कोणत्या शाखेची हे आधी ठरविले, पाठभेद नोंदविले, आणि मगच पाठ निश्चित केला. आपणास पटत नाही म्हणून पाठ बदलावयाचा नाही, हा त्या शिस्तीचा गाभा. दोषशोधकासही हीच शिस्त उपयोगी पडते.

प्रथम पोथी ओळखावी. आज्ञा दिल्यावर प्रत्यक्षात कोणता जीसीसी धावतो, त्याची आवृत्ती कोणती व त्याचे लक्ष्य सिग्विन की मिनजीडब्ल्यू, हे विचारून घ्यावे. एकाच यंत्रावर इतर साधनांबरोबर आलेला दुसरा जीसीसी शोधमार्गात आधी असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. त्यानंतर तक्रारींपैकी पहिलीच तक्रार वाचावी. पुढील शेकडो तक्रारी बहुधा तिच्याच संतती असतात. बांधणी-लिपीच नाकारली जात असेल तर ओळींच्या शेवटी विंडोजची जादा खूण राहिली आहे काय, हे पाहावे.

यानंतरची निर्णायक कसोटी चार कोष्टकांची आहे. तोच प्रोग्रॅम जुन्या व नव्या आवृत्तीने, सिग्विनमध्ये व लिनक्सवर, अशा चारही प्रकारे तपासावा. नवी आवृत्ती दोन्ही ठिकाणी अडत असेल व जुनी दोन्ही ठिकाणी चालत असेल, तर प्रश्न भाषेच्या संकेताचा आहे. दोन्ही आवृत्त्या सिग्विनमध्ये अडत व लिनक्सवर चालत असतील, तर प्रश्न सीमेचा आहे. केवळ एकाच कोष्टकात दोष दिसत असेल, तर स्थापनेवर संशय घ्यावा. आणि दोष वेगवर्धनाची आज्ञा काढताच नाहीसा होत असेल, तर भाषेने ज्याविषयी मौन पाळले आहे अशा एखाद्या कृतीचा प्रोग्रॅममध्ये शोध घ्यावा. मात्र आज्ञा काढणे म्हणजे दोष काढणे नव्हे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी व बदल लिहून ठेवावा, हे सांगणे अनावश्यक वाटेल. पण प्रत्यक्षात हाच नियम सर्वाधिक मोडला जातो.

७. आक्षेप व मर्यादा

यावर असा आक्षेप घेता येईल की, कंपायलर हाही मनुष्यनिर्मित प्रोग्रॅम आहे, तेव्हा दोष त्याचाही असू शकतो. आक्षेप रास्त आहे. जीसीसीच्या प्रत्येक पिढीत दोष सापडले आहेत व पुढील दुरुस्ती-आवृत्त्या मुख्यतः त्यांसाठीच निघतात. कंपायलर स्वतःच 'आंतरिक दोष' असे जाहीर करून थांबला, तर प्रोग्रॅम कितीही अशुद्ध असला तरी तो दोष कंपायलराचाच होय. अशा वेळी हेडर फाइलींचा विस्तार केलेला मजकूर शक्य तितका संक्षिप्त करून, आवृत्ती व दिलेल्या आज्ञांसह, त्याच्या विकासकांकडे पाठविणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. परंतु हा निष्कर्ष वरील कसोट्यांच्या शेवटी यावा, आरंभी नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जे चालत होते ते मोडण्याचा अधिकार कंपायलर लिहिणाऱ्यांना कोणी दिला? ज्या महाविद्यालयाजवळ मर्यादित साधने आहेत, ज्या विद्यार्थ्याजवळ एकच जुने पुस्तक आहे, त्यास मानकाचा इतिहास सांगून काय उपयोग? या प्रश्नाला तांत्रिक उत्तर पुरत नाही. सवलतीचा काळ दीर्घ असला तरी त्याची वार्ता सर्वत्र सारखी पोहोचत नाही, आणि ती न पोहोचल्याचा भार नेमका ज्याच्याजवळ साधने कमी आहेत त्याच्यावर पडतो. जुने मानक निवडण्याचा पर्याय जीसीसीत कायम ठेवण्यात आला आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब होय. पण तो पर्याय वापरणे आणि इशारे सरसकट बंद करणे या दोहोंत भेद आहे. पहिल्यात आपण ग्रंथाचा काळ प्रामाणिकपणे नोंदवितो. दुसऱ्यात पाठभेदच पुसून टाकतो.

म्हणून अध्यापनात एक लहानशी सुधारणा ताबडतोब करण्यासारखी आहे. प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या शिरोभागी कंपायलराचे नाव, आवृत्ती, लक्ष्य व निवडलेले मानक या चार गोष्टींची नोंद असावी. दस्तऐवजावर तिथी व स्थळ नसेल तर इतिहासकारास केवढे श्रम पडतात हे सर्वविदित आहे. प्रोग्रॅम हाही एक दस्तऐवजच आहे. आज लिहिलेला प्रोग्रॅम पंधरा वर्षांनी अडेल तेव्हा तो ज्याच्या हाती पडेल त्यास या चार नोंदी मिळाल्या, तर त्याच्या शोधाचा अर्धा मार्ग आरंभीच संपलेला असेल.